टायटॅनिक की एम्प्रेस ऑफ आयर्लंड?
टायटॅनिक सगळ्यांना पाठ आहे, १९१२, हिमनग, दीड हजार माणसं गेली. पण एम्प्रेस ऑफ आयर्लंड या जहाजाचं नाव कितीजणांनी ऐकलंय? मे १९१४, कॅनडातली सेंट लॉरेन्स नदी, रात्री दोनच्या सुमारास धुक्यात स्टोर्स्टाड नावाचं नॉर्वेचं कोळसा वाहणारं जहाज तिच्या उजव्या कुशीत घुसलं आणि १४ मिनिटांत खेळ खल्लास, हजारावर माणसं बुडाली. टायटॅनिकला बुडायला अडीच तासांहून जास्त लागले, पण होड्या फक्त २०, त्या २,२०० जणांना पुरणार कशा! इकडे होड्या भरपूर, पण जहाज लगेच कलंडलं, उघड्या खिडक्यांतून पाणी थेट केबिनमध्ये आणि लोक झोपेत. मला विचाराल तर एम्प्रेसच जास्त भयानक.