गुणांचा तक्ता की एएचपी? दोनदा यंत्रमाग घेतल्यावर माझं मत

मोठा निर्णय समोर आला की चार माणसं बसतात, एक्सेल उघडतं आणि पहिला प्रश्न पडतो तो निकषांच्या वजनाचा. प्रत्येक निकषाला सरळ दहापैकी गुण द्यायचे, की एएचपीसारखं (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून ‘यातलं महत्त्वाचं कोणतं आणि किती पटीनं’ असं विचारायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जुने साधे यंत्रमाग काढून रेपियर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे माग, घ्यायचं ठरलं, तेव्हा मागांची पहिली जोडी गुणांच्या तक्त्यावरून घेतली आणि दुसरी एएचपीवरून. दोन्ही पद्धती तोंडओळखीपुरत्या माहीत आहेत असं धरून पुढचं लिहितो.

गुणांच्या तक्त्याचं मोठेपण आधी मान्य करतो. अर्ध्या तासात काम होतं. आमच्या जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मुकादमाला, तो न समजावता समजला. सुताचा व्यापारी बदलायचा, पॅकिंगचं काम बाहेर द्यायचं, अशा गोष्टींना मी आजही तोच वापरतो.

मला जे खटकलं ते पहिल्या जोडीच्या वेळी. सेकंडहँड परदेशी रेपियर घ्यायचे की नवे देशी, एवढाच प्रश्न होता. आम्ही किमतीला नऊ गुण दिले, मालाच्या दर्जाला नऊ, दुरुस्ती आणि सुट्या भागांना आठ, विजेला आठ. बेरीज चौतीस. टक्केवारी काढली तर दोघांना साडेसव्वीस, दोघांना साडेतेवीस. म्हणजे चारही निकष जवळजवळ पाव-पाव. प्राधान्य ठरवायला बसलो होतो आणि तेच ठरलं नाही. यात कुणाचा आळस नव्हता. ‘दर्जा किती महत्त्वाचा?’ असं एकट्या निकषाबद्दल विचारलं की कुणीही आठ-नऊच म्हणणार. कमी गुण द्यायला जीभ रेटत नाही.

दोन्ही पर्याय अगदी जवळ आले होते. दादाचं मन स्वस्तातल्या सेकंडहँडवर होतं. त्यानं दुरुस्तीचे आठ खोडून सहा केले आणि सेकंडहँड पुढं गेले. कुणी हरकत घेतली नाही. कशाच्या जोरावर घेणार? आठ का आणि सहा का, याचं उत्तर त्या तक्त्यात कुठंच नसतं.

ऐन लग्नसराईच्या ऑर्डरीत त्यातल्या एका मागाचा कंट्रोल बोर्ड गेला. मॉडेल जुनं, बोर्ड सोलापुरात नाही, इचलकरंजीत नाही. माग एकोणीस दिवस उभा राहिला. ताण्याच्या सुताचा बीम चढवलेला, अर्धा टॉवेल मागावर तसाच, आणि त्याच्या उघड्या लूपवर शेजारच्या मागांवरून उडणारा कापसाचा रुआ येऊन बसतोय. शेवटी जॉबरनं त्यावर एक जुनी चादर पसरली. रोज सकाळी शेडमध्ये शिरलं की आधी ती चादर दिसायची.

दुसऱ्या जोडीच्या वेळी म्हणून मी एएचपीचा हट्ट धरला. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही पद्धत, १ ते ९ च्या मोजपट्टीची: १ म्हणजे दोन्ही सारखे, ९ म्हणजे एक दुसऱ्यापेक्षा टोकाचा महत्त्वाचा. विजेच्या बाबतीत दोन्ही पर्यायांत आम्हाला फारसा फरक दिसत नव्हता, म्हणून तो निकष बाजूला ठेवला. उरले तीन निकष, म्हणजे तीनच जोड्या. दादा, जॉबर आणि मी मिळून उत्तरं दिली: दर्जा किमतीच्या तिप्पट महत्त्वाचा, किंमत दुरुस्तीच्या दुप्पट, दर्जा आणि दुरुस्ती सारखेच.

बोलताना तिन्ही वाक्यं पटत होती. उत्तरं आपसात किती विसंगत आहेत ते दाखवणारं सुसंगती गुणोत्तर, म्हणजे सीआर, आलं ०.३२. ते ०.१० च्या आत असावं असा साटींचा दंडक आहे. कारण साधं आहे. दर्जा किमतीच्या तिप्पट आणि किंमत दुरुस्तीच्या दुप्पट, तर दर्जा दुरुस्तीच्या सहापट व्हायला हवा. आम्ही दोन्ही बरोबरीचे म्हटले होते. तिन्हीतलं एक वाक्य तरी चुकत होतं. कोणतं, हे सूत्र सांगत नाही. ते माणसांनीच शोधायचं असतं. जॉबर म्हणाला, “दादा, माग एकोणीस दिवस उभा होता, तेव्हा किंमत दुप्पट मोठी वाटली होती का?” दादानं थोडा वेळ कागदाकडं बघितलं आणि ती जोडी स्वतःच उलटी केली: दुरुस्ती किमतीच्या दुप्पट. सीआर ०.०२ वर आलं. वजनं किंमत २८ टक्के, दर्जा ४६, दुरुस्ती २६ अशी होती. ती १७, ४४, ३९ झाली. माग देशी घेतले.

आकडा दोन्ही वेळी बदलला, हे खरं. पण पहिल्यांदा तो हवं ते उत्तर यावं म्हणून बदलला, आणि दुसऱ्यांदा आमचीच तीन वाक्यं एकमेकांशी भांडत होती म्हणून. माझ्यासाठी निवड इथंच झाली. अर्थात, नुसतं सीआर खाली आणायला आकडे फिरवत बसलात तर खोट तीच राहते. आणि सीआर कमी आलं म्हणजे मत बरोबर असंही नाही. फक्त ते आपसात जुळतं.

एएचपीचा त्रासही कमी नाही. सात निकष आणि चार पर्याय असतील तर निकषांच्या एकवीस जोड्या आणि पर्यायांच्या बेचाळीस, एकूण त्रेसष्ट. चाळिसाव्या जोडीनंतर माणसं कंटाळून तीन-तीन टाकत सुटतात. दुसरी अडचण जास्त गंभीर. नवा पर्याय घातला की जुन्या पर्यायांचा आपसातला क्रम उलटू शकतो; बेल्टन आणि गियर या संशोधकांनी १९८३ मध्ये हे उदाहरणासह दाखवलं. त्यामुळं माझ्या मते निकषांची वजनं तेवढी जोड्यांनी काढावीत, आणि पर्यायांना ठरलेल्या पट्टीवर गुण द्यावेत. म्हणजे जोड्याही आटोक्यात राहतात आणि उशिरा आलेलं कोटेशन जुना क्रम उलटवत नाही. तुमच्याकडं दोनच निकष असतील, किंवा चुकलं तरी महिन्याभरात माघारी फिरता येत असेल, तर एवढा खटाटोप नको.

एक गोष्ट मात्र जरूर करा: प्रत्येकाची उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर घ्या आणि एकत्र करताना साधी सरासरी नको, भूमितीय मध्य घ्या (दोघं असतील तर आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ). एक जण ४ म्हणाला आणि दुसरा उलट बाजूनं ४, म्हणजे १/४, तर साधी सरासरी दोनच्या वर जाते आणि विनाकारण पहिल्याचं पारडं जड होतं. भूमितीय मध्य बरोबर १ येतो. पण इतकी टोकाची मतं दिसली की मध्य काढायच्या आधी त्या दोघांना समोर बसवून कारण विचारा.

सध्या आम्ही छतावर सोलर बसवायचं की तेच पैसे मागांच्या तिसऱ्या जोडीत घालायचे, यावर बसलो आहोत. सहा निकष, पंधरा जोड्या. दादाच्या आणि माझ्या कागदात चार जोड्या उलट्या आल्या आहेत. रविवारी दुपारी कारखाना बंद असतो, तेव्हा त्या एकेक करून घेणार आहोत.