मोहर्ली गेटजवळचा होमस्टे, तिन्ही सीझनमध्ये राहून सांगतो

ताडोब्याला कधी यायचं हे पुण्याकडचे पाहुणे दरवर्षी विचारून राहिले, म्हणून या होमस्टेचा रिव्ह्यू सीझनप्रमाणेच लिहितो. वाघच पाहायचा असन तर एप्रिल-मे, कारण जंगलातले नाले आटतात अन् जनावर पाणवठ्यावर येतेच, पण चंद्रपूरचं ऊन म्हणजे पारा ४५ च्या वर, दुपारी टाकीतलं पाणी हातावर घेववत नाही. तरी इथले काका सकाळ-संध्याकाळ कूलरच्या ताट्या ओल्या करतात, त्यानं खोली खरंच थंड राहते, अन् सफारीवरून आलं की लगेच कैरीचं पन्हं हातात. पावसाळ्यात कोअर म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, बफरमध्ये म्हणजे त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात फिरता येते, पण ऑगस्टात आम्ही आलो तर त्या दमट हवेत कूलर काहीच कामाचा नाही, गादीला ओलसर वास, एक स्टार तिथंच कापला. हिरवं जंगल मात्र डोळे भरून पाहिलं.

डिसेंबर आमच्या आईसाठी सगळ्यात बेस्ट ठरला. पहाटे उघड्या जिप्सीत दात वाजतात, तर काकूंनी स्वतःचं घरचं ब्लँकेट आईच्या खांद्यावर टाकलं, अन् परत आलो तर चुलीवरची पातोडीची भाजी, गरम भाकर. लहान लेकरं, म्हातारी माणसं सोबत असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच पकडा भाऊ, अन् मंगळवारी कोअर बंद असते ते पाहूनच बुकिंग करा.