ताण्यासाठी वनस्पतिरंगांतले सूत: चार लडींचा अनुभव

वनस्पतिरंगांत रंगवलेले सूत बहुतेक हौशी विणकर बाण्यासाठीच, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांसाठीच घेतात, कारण बाण्याचा धागा धोट्यातून सुटून कापडात जाऊन बसला की त्याचे काम संपते. ताण्याचा, म्हणजे मागावर ताणून बसवलेला उभा धागा मात्र विणकाम पुरे होईपर्यंत ताणलेलाच राहतो आणि बाणा ठोकून बसवणाऱ्या फणीच्या प्रत्येक ठोक्याला तिच्या दातांशी घासला जातो. म्हणूनच एका लहान रंगशाळेने ‘ताण्यास योग्य’ असे लिहून विकायला ठेवलेले २/२० (वीस नंबरी, दोनपदरी) सुती सूत मी मुद्दाम मागवले. माझा माग मेजावर मावणारा आहे आणि मी भिंतीवर लावायचे पट विणते, साड्या किंवा धोतरे नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे.

निळीच्या दोन, मंजिष्ठाची एक आणि हिरडा-लोखंडाच्या काळ्या रंगाची एक अशा चार लडी प्रत्येकी १६० रुपयांना घेतल्या. या जातीच्या एका लडीत ८४० यार्ड, म्हणजे सुमारे ७६८ मीटर सूत असते. ४० सेंटीमीटर पन्हा (रुंदी), सेंटीमीटरला १२ धागे आणि ५ मीटर लांबी धरली, तर ४८० धाग्यांना २,४०० मीटर, म्हणजे सव्वातीन लडींहून थोडे कमीच सूत लागते. लडी वजनाला बरोबर उतरल्या आणि त्या सैल बांधून रंगवलेल्या असल्यामुळे गाठीखाली कोठेही पांढरा डाग राहिलेला नव्हता; रंगाऱ्याचा हात सरावाचा आहे, हे तेवढ्यावरून कळते.

मंजिष्ठाची लड सर्वांत उत्तम निघाली. सुती धागा नुसती तुरटी नीट धरून ठेवत नाही, म्हणून त्याला आधी हिरड्याचे पाणी द्यावे लागते, आणि ते दिल्याचे सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेले होते. रंग विटकरी लाल, सबंध लडीत सारखा. पांजणीसाठी, म्हणजे ताण्याच्या धाग्यांना खळ देऊन ते घट्ट करण्यासाठी, मी तांदळाची ताजी खळ वापरली. रात्रभर राहून आंबलेल्या खळीत एक तुकडा बुडवून पाहिला, तेव्हा तो नारिंगीकडे झुकला. हा सुताचा दोष नव्हे, या रंगाचा स्वभावच तसा आहे. पण खळ ताजी वापरावी एवढे एक वाक्य चिठ्ठीत हवे होते.

निळीच्या दोन लडींच्या छटेत फरक होता, आणि बाण्यात खपून जाणारा असा फरक ताण्यात लांबच लांब पट्टा होऊन उठून दिसतो. ताणा करताना दोन्ही लडींचे धागे एकाआड एक घेतले, त्यामुळे पट्टा टळलाच, शिवाय निळ्याला पाण्यासारखी हलकी हालचाल आली, जी मला एकसारख्या निळ्यापेक्षा अधिक आवडली. मात्र फणीचे दात, माझी बोटे आणि कोरा बाणा यांवर निळसर झाक चढली. नीळ धाग्याशी रासायनिक बंधाने जोडली जात नाही, तिचे अविद्राव्य कण धाग्यात अडकून राहतात. वरवर बसलेले कण धुऊन काढण्याचे काम रंगशाळेने घाईत उरकलेले दिसले. विणलेला पट रिठ्याच्या पाण्यात धुतला, तेव्हा पहिली दोन पाणी निळीच निघाली.

खरी तक्रार काळ्या लडीबद्दल आहे. एकूण ४८० धाग्यांपैकी काळे १२० होते. विणकाम संपेपर्यंत त्यांत २३ वेळा धागा तुटला, तर उरलेल्या ३६० धाग्यांत केवळ ३ वेळा. हिरड्यातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने हा काळा रंग तयार होतो, पण लोखंडाचे प्रमाण जास्त झाले की कापसाचा तंतू हळूहळू कमकुवत होतो, ही गोष्ट रंगाऱ्यांना नवी नाही. विचारणा केल्यावर रंगशाळेने मोकळेपणाने सांगितले, की लोखंडासाठी हिराकस (लोखंडाचे क्षार) वापरला होता आणि काळे सूत ताण्यावर चढवून कधी पाहिलेच नव्हते. उत्तर प्रामाणिक होते. पण मग ‘ताण्यास योग्य’ हे शब्द त्या लडीवर कशाच्या आधारावर आले, हा प्रश्न उरतोच. ओडिशातील कोटपाडचे विणकर आल या झाडाच्या मुळीच्या लाल रंगात सूत आधी रंगवतात आणि मगच मागावर चढवतात. तेथे रंगापूर्वी सुतावर एरंडेल, शेण आणि राख यांचे संस्कार कित्येक दिवस चालतात. ताण्याचे सूत रंगवणाऱ्याने मागाचा विचार भट्टीपाशीच करायला हवा, तो असा.

सेंटीमीटरला १२ धागे ही माझी निवडही चुकली. कोरा बाणा ताण्याइतकाच वर दिसल्यामुळे विटकरी लाल फिकट होऊन अबोलीच्या जवळ गेला. पुढच्या पटासाठी १६ धागे धरून बाणा बारीक घेणार आहे. त्यासाठी मंजिष्ठाच्या आणखी दोन लडी याच रंगशाळेकडून मागवल्या आहेत, आणि नीळ घेतली तर ती ताणा करण्यापूर्वी घरी पुन्हा धुऊन घेईन. काळ्या लडीचे उरलेले शंभरेक मीटर सूत बाण्यासाठी धोट्यातल्या कांड्यांवर भरून ठेवले होते. बाण्यात ते अजून एकदाही तुटलेले नाही.