मीटर बदलायच्या नावाखाली १९,२०० रुपयांना फसवलं, तुम्ही तरी सावध राहा

१९,२०० रुपये गेले आणि गाडीतला प्रॉब्लेम जिथल्या तिथे. क्लस्टरचे (म्हणजे डॅशबोर्डवरचं अख्खं मीटर) १४,५००, 'कोडिंग'चे (म्हणजे ते गाडीशी जुळवून घ्यायचे) ३,५००, मजुरी १,२००. खरा बिघाड होता अर्थिंगच्या एका गंजलेल्या बोल्टचा, तो नंतर पुण्यातच नाना पेठेतल्या एका वायरमनने ४०० रुपयांत काढून दिला. राग शांतच होत नाहीये म्हणून लिहितेय.

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक. चालता चालता स्पीडचा आणि आरपीएमचा काटा एकदम झिरोवर जायचा, एबीएस, एअरबॅग, बॅटरी सगळे लाईट एकत्र पेटायचे, आणि पुढच्या खड्ड्यात दणका बसला की परत सगळं नॉर्मल. असं सगळंच एकदम जातं तेव्हा आधी फ्यूज, सप्लाय आणि अर्थिंग बघायचं असतं, मीटरच्या आतला बोर्ड नंतर. पण गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, मोबाईलवर यू०१५५ कोड दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, बोर्ड जळलाय, अख्खं क्लस्टरच टाकायला लागेल." त्या कोडचा अर्थ इतकाच की क्लस्टरकडून सिग्नल येत नाहीये. का येत नाहीये ते त्यात कुठे असतं? स्क्रीनवर लाल अक्षरं दाखवली की गिऱ्हाईक गप्प बसतं हे या लोकांना बरोबर माहीत असतं.

आणि आता जे आठवलं की डोकं फिरतं ते. नवीन म्हणून जे मीटर बसवलं त्यावर ६१,३४० किमी होते. माझी गाडी ९८,००० च्या पुढे गेलेली! मी तिथेच विचारलं, नवीन पीसवर किलोमीटर कसे काय? तर म्हणे, "टेस्टिंगचं रीडिंग असतं मॅडम, उलट तुमचा फायदाच, विकताना भाव येईल." तिथेच गाडीची चावी काढून घ्यायला हवी होती. पण बाहेर धो धो पाऊस, मुलाची शाळा सुटायची वेळ, डॅशबोर्ड उघडा पडलेला, अशा वेळी कुणीही पैसे देऊन मोकळं झालं असतं. जुनं मीटर मागितलं तर "ते एक्स्चेंजमध्ये कंपनीला जातं." कंपनीला कसलं, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत गेलं असणार. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पुढच्या पावसात परत तेच, काटे झिरोवर. वायरमनने हेडलाईट आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं क्लस्टरच्या अर्थिंगला लावलं, १.८ व्होल्ट. तिथे जवळपास शून्य यायला पाहिजे, ०.१-०.२ फार तर. डॅशच्या खाली साईडला बोल्ट होता, पाणी झिरपून हिरवा पडलेला, पॉलिश पेपरने घासला, आवळला, संपलं. त्यानेच दाखवलं की या मीटरमध्ये चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा लाईट पेटतच नाही. तो काही सेकंद पेटून विझलाच पाहिजे, नाहीतर एअरबॅगमध्ये फॉल्ट आला तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणजे पैसे तर घेतलेच, वर पोरांना मागे बसवून मी तशीच फिरत होते. सेकंडहँड गाडी घेताना पण हे आधी बघा.

चौकीत गेले तर "हे सिव्हिल मॅटर आहे, आणि मिस्टर कुठायत?" गाडी माझी, पैसे माझे, मिस्टरांचा काय संबंध? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. आरटीओत सांगितलं गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. अहो पण ओडोमीटरवर सरळ सदतीस हजार किलोमीटर गायब आहेत, उद्या गाडी विकली तर चोर मी ठरणार, त्याचं काय? तर "अर्ज द्या." अर्ज दिला, शिक्का मारून घेतला, पुढे काही नाही. बँक म्हणते पेमेंट तुम्ही स्वतः पिन टाकून केलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नोंदवली, शेवटी सल्ला काय तर ग्राहक आयोगात जा. जो तो पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि गॅरेजवाला शटर उघडून आरामात धंदा करतोय.

आयोगात जातेच आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. पण वकील पहिलं विचारतो बिल कुठाय, आणि माझ्याकडे यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि वहीच्या पानावर लिहिलेला हिशोब. त्यामुळे जीएसटी बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर आणि नवा की जुना हे लिहून घ्या, आणि काम सुरू व्हायच्या आधी ओडोमीटरचा फोटो काढा. माझ्याकडे सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या होत्या, त्यांच्यावर किलोमीटर आहेत, आता तेवढाच पुरावा.

माझ्या जुन्या मीटरच्या काचेवर डिझेलच्या नव्हे, टेम्परेचरच्या काट्याच्या बाजूला एक आडवा चरा आहे. सिंहगड रोडच्या बाजूला कुणाला असं ९८ हजाराच्या पुढचं 'नवीन' क्लस्टर बसवून मिळालं असेल तर मला मेसेज करा, दोघांची तक्रार एकत्र देऊ.