एक पावसाळा काढलेला २६ मिमीचा हॅमर: मशीन उत्तम, पेटी नालायक

दोन किलो गटातला, तीन मोडचा (ठोक्यासह ड्रिल, साधे ड्रिल, छिन्नी), वायरवाला एसडीएस-प्लस हॅमर, म्हणजे ठोके मारत भोक पाडणारे ड्रिल मशीन. एसडीएस-प्लस म्हणजे खाचांचे बिट खटकन बसणारी पकड. स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळते, पुन्हा लिहीत नाही. पावसाळा सरता सरता साधे गोल दांड्याचे बिट धरायला सोबत आलेल्या १३ मिमी चकचे जबडे गंजून जाम झाले. सर्व्हिस सेंटरचे उत्तर एकच: गंज वॉरंटीत बसत नाही.

खरा गुन्हेगार पेटीतला स्पंज. खाऱ्या हवेतला दमटपणा तो धरून ठेवतो आणि लोखंडाला चिकटून बसतो. वर ती पेटी माळ्यावरची एवढी जागा अडवते की आत मशीन किती आणि हवा किती, असा प्रश्न पडावा. स्पंज फेकून द्या. मशीन, चक, बिट सगळे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या तांदळाच्या डब्यात मावते. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. चकला शिलाई मशीनचे तेल पुसायचे. खोबरेल नको, काही दिवसांत चिकट होते आणि त्यात जांभ्या चिऱ्याची लाल भुकटी बसली की लगदाच.

जाम चक फेकू नका. गंजावरचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग चावीने जबडे पूर्ण उघडा. तळाशी एक स्क्रू दिसेल. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. त्यानंतर चक मात्र नेहमीसारखा उलट फिरवून निघतो. बहुतेकजण इथेच जोर लावून स्क्रूचे डोके घालवतात. नवा चक मिळतो, पूर्ण अ‍ॅडॅप्टर (चक एसडीएस पकडीत बसवणारा दांडा) घ्यायची गरज नाही.

आता कामाचे. चक लावलेला असताना हॅमर मोड कधीच नाही. जांभ्यात तर एसडीएस बिट असले तरी नाही: चिरा मऊ आणि सच्छिद्र, ठोक्याने भोकाची कड ढासळते, ८ मिमीची गिट्टी (स्क्रूसाठीचा प्लास्टिक प्लग) आत गरागरा फिरते. मोडचा लिव्हर साध्या ड्रिलवर, बिट एक नंबर लहान, भुकटी फुंकून काढायची, स्क्रू लांब घ्यायचा. काँक्रीटच्या स्लॅब आणि लिंटेलला (दार-खिडकीवरची तुळई) मात्र हॅमर हवाच. जुन्या टाइल्स आणि पोपडे धरलेले प्लास्टर काढायला तिसरा, छिन्नीचा मोड. तो नसलेले स्वस्त मॉडेल घेऊ नका.

सुरुवातीला वाटले होते, याच एका मशीनवर घर निघेल. तसे नाही. स्क्रू पिळायला हे जड आहे, आणि त्यातला क्लच बिट अडकले की निसटून तुमचे मनगट वाचवतो, स्क्रूचे डोके नाही. म्हणून १२ व्होल्टचा छोटा बॅटरी ड्रायव्हर आणि वायरवाला चार इंची ग्राइंडर, एवढी भर घाला. बॅटरीवरचा ग्राइंडर चिरा कापताना भराभर चार्ज खातो, पैसे वाया. चार इंचीवर गार्ड काढून पाच इंची डिस्क बसवू नका. ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेऱ्यांनी फिरतो, डिस्क फुटली तर तोंडावर येते. फणसाच्या फळीसाठी त्यावर लाकडाची दातेरी डिस्क लावणारे दिसतात. त्यांनी हाताचा विचार करावा.

ड्रायव्हर पावसाळ्यात पडून राहणार असेल तर बॅटरी काढून, अर्धी चार्ज करून वेगळी ठेवा, त्याच डब्यात.