कान्ट, कुडन्ट की नॉट एबल टू : असमर्थता सांगताना इंग्रजीचे कोणते रूप निवडावे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातील अभ्यासिकेत मी दर रविवारी बँकेच्या व एमपीएससीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. व्याकरणाच्या पुस्तकातले बहुतेक नियम त्यांना पाठ असतात. तरीही ‘मी हे करू शकत नाही’ एवढे साधे वाक्य इंग्रजीत मांडताना त्यांचे पेन थांबते, कारण त्यांच्यासमोर एकाच अर्थाची वाटणारी चार-पाच रूपे असतात आणि त्यांतले कोणते कुठे चालते, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. त्यांच्यासारख्या निवड करू पाहणाऱ्यांसाठी ही तुलना आहे.

सुरुवात आपल्या बोलीपासून केलेली बरी. पोहायला शिकलेलेच नसेल, तर आपण ‘मले पोहता येत नाही’ म्हणतो. सोयाबीनचे भरलेले पोते अंगातल्या बळाने हलत नसेल, तर ‘मायाच्यानं उचलल्या जात नाही’ म्हणतो. वखरणी चालू असताना कोणी लग्नाला बोलावले, तर ‘या खेपेला जमत नाही’ असे सांगतो. न शिकलेले, न झेपणारे आणि सवड नसलेले, असे तीन प्रकार आपण तीन निरनिराळ्या क्रियापदांनी दाखवतो. इंग्रजीतले ‘कान्ट’ हे तिन्ही एकटे पेलते : ‘आय कान्ट स्विम’, ‘आय कान्ट लिफ्ट इट’, ‘आय कान्ट कम’. ‘कॅन’ हे क्रियापद ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आले, त्याचा अर्थ ‘जाणणे, ठाऊक असणे’ असा होता. म्हणजे मुळात तेही आपल्या ‘येणे’च्याच जवळचे होते आणि बळाचा व सवडीचा अर्थ त्याला पुढे येऊन मिळाला. म्हणून वर्तमानकाळात पहिली पसंती ‘कान्ट’लाच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते साधे आहे म्हणून कमी दर्जाचे आहे, ही समजूत मुलांच्या मनातून काढून टाकायला हवी. औपचारिक लेखनात त्याचेच पूर्ण रूप ‘कॅनॉट’ वापरावे आणि ते एकाच शब्दात, जोडून लिहावे.

मग ‘नॉट एबल टू’ कशासाठी? ‘कॅन’ हे अपुऱ्या रूपांचे क्रियापद आहे. त्याला भविष्यकाळ नाही, पूर्ण काळ नाही, आणि ‘विल’ किंवा ‘मे’ यांच्यामागे ते उभे राहू शकत नाही. जिथे ‘कॅन’ला रूपच नाही, तिथे ‘एबल टू’ मदतीला येते. ‘मला अजून फी भरता आलेली नाही’ हे ‘कान्ट’ने सांगताच येत नाही. तिथे ‘आय हॅव नॉट बीन एबल टू पे द फी’ असेच म्हणावे लागते. वर्तमानकाळात ‘आय ॲम नॉट एबल टू वॉक’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते थोडे जड वाटते आणि बहुधा सध्याच्या, तात्पुरत्या अडचणीकडे बोट दाखवते. मात्र ‘आय कॅनॉट एबल टू’ हे दर वर्षी कित्येक वह्यांमध्ये मला सापडणारे रूप सरळ चूक आहे. ‘एबल’ हे विशेषण आहे, त्याला ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’, ‘बीन’ अशा ‘बी’च्या कोणत्या तरी रूपाचा आधार लागतो आणि ‘कॅन’ तो आधार देत नाही.

भूतकाळात निवड करताना सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून तिथे थोडे थांबतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या नाल्याला पूर आला, एसटी अलीकडेच उभी राहिली आणि तीन मुलींचा पेपर बुडाला. त्यांनी ‘वी कुडन्ट रीच द सेंटर’ असे लिहिले, ते बरोबर होते. ‘वी वेअर नॉट एबल टू रीच’ असे लिहिले असते, तरी चालले असते. पुढच्या पेपरला त्या पहाटे निघून, शेताच्या बांधाबांधाने चालत वेळेवर पोहोचल्या. या वेळी त्यांनी ‘वी कुड रीच द सेंटर’ असे लिहिले, आणि हे मात्र चुकले. एखाद्या प्रसंगी, एकदाच साधलेले यश सांगताना इंग्रजीत होकारार्थी ‘कुड’ चालत नाही. तिथे ‘वी वेअर एबल टू रीच’ किंवा ‘वी मॅनेज्ड टू रीच’ असे लिहावे लागते. ‘कुड’ हे लहानपणी झाडावर चढता यायचे, अशा कायमच्या क्षमतेसाठी राखलेले आहे. हे बंधन होकारापुरतेच आहे. नकारात ‘कुडन्ट’ कायमच्या अक्षमतेलाही चालते आणि एकाच दिवशीच्या अडचणीलाही. त्यामुळे भूतकाळातला नकार असेल, तर ‘कुडन्ट’ बिनधास्त निवडावे.

भविष्यकाळात धोका व्याकरणापेक्षा सूराचा आहे. रजेच्या अर्जात आपण ‘मी उद्या येणार नाही’ असे सहज लिहितो आणि मराठीत ते कोणाला खटकत नाही. त्याचे जसेच्या तसे ‘आय वोन्ट कम’ केले, तर वाचणाऱ्याला ‘यायची माझी इच्छा नाही’ असा नकार ऐकू येऊ शकतो. तिथे ‘आय वोन्ट बी एबल टू कम’ लिहावे. बेत आधीच ठरलेला असेल, तर ‘आय कान्ट कम टुमॉरो’ हेही शुद्ध आहे. अर्जाची भाषा अधिक आदबशीर हवी असेल, तर ‘आय ॲम अनेबल टू अटेंड’ हे त्याहून चांगले, पण तेच रूप मित्राशी बोलताना परके वाटते.

‘मे नॉट’ आणि ‘मस्ट नॉट’ यांचा विचार या कामासाठी करूच नये. पहिल्यात शक्यता किंवा परवानगी आहे, दुसऱ्यात मनाई आहे, आणि असमर्थता दोहोंतही नाही.

दिसणे व ऐकू येणे यांबाबत मात्र आपली मराठी आपल्याला फसवते. ‘मला फळा दिसत नाही’ यात ‘शकणे’ कुठेच नसल्यामुळे मुले ‘आय ॲम नॉट सीइंग द बोर्ड’ म्हणतात. इंग्रजी इथे ‘कान्ट’ मागते : ‘आय कान्ट सी द बोर्ड’. शेतातून फोन लावला आणि रेंज गेली, तरीही ‘आय कान्ट हिअर यू’ हेच योग्य. क्षमता अगदीच संपलेली नसून जेमतेम उरली असेल, तर ‘हार्डली’ वापरावे. आजी कशीबशी दारापर्यंत येते, हे ‘शी कॅन हार्डली वॉक’ असे सांगता येते. ‘हार्डली’मध्ये नकार आधीच दडलेला असल्यामुळे त्याच्यासोबत ‘कान्ट’ घेऊ नये.

तोंडी परीक्षेसाठी उच्चाराचाही विचार करावा लागतो. ब्रिटिश पद्धतीचे ‘कान्ट’ दीर्घ ‘आ’मुळे ‘कॅन’पासून वेगळे ओळखू येते. अमेरिकन पद्धतीच्या ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ पुष्कळदा ऐकूच येत नाही. आपल्या उच्चाराबद्दल खात्री नसेल, तर सावकाश ‘कॅनॉट’ म्हणावे, म्हणजे नकाराचा होकार होणार नाही.

खरा होकार-नकाराचा घोटाळा उत्तरात होतो. सराव मुलाखतीत मी एका मुलाला ‘कान्ट यू स्पीक इंग्लिश?’ असे विचारले. त्याने मान हलवून ‘येस सर’ म्हटले. ‘हो सर, येत नाही’ असे त्याला म्हणायचे होते, कारण मराठीत आपण विचारणाऱ्याच्या वाक्याला होकार देतो. इंग्रजीत ‘येस’ म्हटले की ‘येते’ आणि ‘नो’ म्हटले की ‘येत नाही’, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. हे त्याला समजावले, वहीत दोनदा लिहून घ्यायला लावले आणि पुढच्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘नो सर, आय कान्ट स्पीक इट फ्लुएंटली, बट आय कॅन रीड अँड राइट इट.’