नाकाच्या शेंड्यासाठी रिव्हिजन करावी का? दीड वर्षानंतरचा अनुभव

शस्त्रक्रियेने माझ्या नाकावरचा उंचवटा गेला, आतला पडदा सरळ झाला आणि श्वास मोकळा झाला, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती शेंड्याची. समोरून तो जाड आणि गोल दिसतो. बाजूने पाहिल्यास त्याच्या किंचित वर राहिलेल्या फुगवट्यामुळे तो खाली झुकल्यासारखा वाटतो आणि हसताना आणखी खाली ओढला जातो. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली काढलेल्या घरच्या फोटोत मला सर्वांत आधी तोच दिसला, आणि त्याच आठवड्यात मी रिव्हिजनचा, म्हणजे दुरुस्तीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा, निर्णय जवळजवळ पक्का केला.

मडगावच्या दुसऱ्या सर्जनांनी मात्र मला थांबवले. सूज शेंड्यावरून सर्वांत शेवटी उतरते, जाड त्वचेत त्याला वर्ष-दीड वर्षही लागते आणि त्याआधी पुन्हा चिरफाड केल्यास आतला वण वाढून नाक अधिकच जाड होते, असे त्यांनी समजावले. फुगवट्यात ट्रायमसिनोलोन या सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचे अगदी कमी मात्रेचे इंजेक्शन दिले आणि रात्री टेप लावायला सांगितले. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेप नाकावर टिकत नाही. त्वचा धुऊन, पूर्ण कोरडी करून, पंख्याखाली बसूनच ती लावावी लागते. तरीही फुगवटा बराच उतरला आणि माझे मत बदलले: मी ज्याला बिघाड समजत होते, त्यातला मोठा भाग सूजच होती.

जो दोष उरला, तो मात्र इंजेक्शनने जाणारा नाही. शेंडा बोटाने दाबला की सहज आत बसतो, म्हणजे खालून आधार कमी आहे. आधार द्यायचा तर कूर्चा, म्हणजे नाका-कानात असते तसले लवचिक मऊ हाड, हवी. पडद्यात पुरेशी शिल्लक असेल तर ती सर्वांत सोयीची, नसेल तर कानाची, आणि तीही अपुरी पडली तर बरगडीची. बरगडी म्हणजे छातीवर आणखी एक वण, कूर्चा पुढे वाकण्याची शक्यता आणि वाढीव खर्च. म्हणूनच पहिल्या वेळी पडद्यातून किती कूर्चा काढली, या एका नोंदीवर सगळे अडले आहे.

ती नोंद मिळवताना पहिल्या क्लिनिकने मला अक्षरशः रडवले. डिस्चार्जच्या कागदावर शस्त्रक्रियेचे नाव तेवढे होते, आणि ऑपरेशन नोट मागितली की डॉक्टर रजेवर असल्याचे उत्तर मिळे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत देणे बंधनकारक आहे, असे लेखी अर्जात नमूद केल्यावरच ती हाती आली. तिच्यात पडद्यातून कूर्चा काढल्याचा आणि शेंड्याला टाके घातल्याचा उल्लेख आहे. आधारासाठी कूर्चेचा तुकडा (कलम) लावल्याची नोंद नाही, आणि किती कूर्चा काढली हेही लिहिलेले नाही. एवढे पैसे मोजलेल्या रुग्णाला अशी नोट द्यावी, याचा मला आजही संताप येतो.

त्याच क्लिनिकने ‘मोफत टच-अप’ देऊ केले आहे, पण माफ होते ती फक्त सर्जनची फी. ऑपरेशन थिएटर आणि भूल यांचा खर्च माझाच. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद. तिथे मी जाणार नाही. पावसाळा संपल्यावर मडगावच्या सर्जनांकडे पडदा पुन्हा तपासून घेईन. कूर्चा कुठून घेणार हे संमतिपत्रात आधी लिहून मिळाले आणि काम पडद्याच्या किंवा कानाच्या कूर्चेवर भागणार असेल, तरच पुढे जाईन. बरगडी लागणार असेल तर आहे तोच शेंडा ठेवीन.